जमीन, पाणी व रान यांची विद्या

मुलास किंवा मुलीस पुढे कोणत्या शिक्षणास घालावे, हा प्रश्न जमीनधारक शेतकऱ्याच्या घरी दरवर्षी बारावीच्या निकालाबरोबर उभा राहतो. डॉक्टरी, इंजिनियरी व सरकारी नोकरीची परीक्षा ह्या तीन वाटा सर्वांस ठाऊक आहेत. चौथी वाट शेतकी कॉलेजाची. तीही आता बरीच रुळली आहे. परंतु ह्या कॉलेजांत व इतर काही विद्यापीठांत एक विषय असा शिकविला जातो की, त्याचे ‘नैसर्गिक साधनसंपत्तीचे व्यवस्थापन’ हे लांबलचक नाव ऐकून घरातील वडीलधारी मंडळी मान डोलावतात व दुसरे बोलणे काढतात. त्या नावाच्या पोटात काय आहे व जमीन बाळगणाराने त्याकडे कोणत्या दृष्टीने पाहावे, हे वाचकांपुढे ठेवण्याच्या हेतूने हा लेख लिहीत आहोत. आमचे स्वतःचे शिक्षण मराठी शाळेपुरते. नावापुढे पदवी नाही. तथापि महसूल खात्यात कारकुनी करताना जमिनीचे कागद जन्मभर हाताळले असल्यामुळे, कागदावरची जमीन व पायाखालची जमीन यांत किती अंतर पडते, हे जवळून पाहण्याचा योग आम्हांस आला आहे.

प्रतबंदी जुनी व नवी

जमिनीची प्रत ठरविणे ही गोष्ट आपल्या मुलखास नवी नाही. गोल्डस्मिड व विंगेट ह्या अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यात सुरू केलेली जमाबंदी 1836 साली अमलात आली व पुढे 1847 साली तिचे नियम एका संयुक्त अहवालात एकत्र करण्यात आले. प्रतबंदी करणारा कामगार शेतात खड्डे घेऊन मातीचा रंग पाही, खोली हाताने मोजी आणि दोष टिपून ठेवी. पावणेदोन हात खोलीची उत्तम काळी जमीन सोळा आण्यांची. चुनखड, वाळूचे मिश्रण, उतार, पाणी साचणे, पुराचे पाणी वरून वाहून जाणे, असे दोष आढळल्यास प्रत खाली उतरे. ही पद्धत इतकी नेमकी होती की, पुढील कित्येक पिढ्यांचा शेतसारा तिच्यावर उभा राहिला.

विद्यापीठात आज जी प्रतबंदी शिकवितात तिच्यात जमिनीचे आठ वर्ग आहेत. पहिले चार नांगरटीस योग्य, तेही एकाहून एक अधिक जपून वापरावयाचे. उरलेले चार चराई, झाडी व वनचरांसाठी सोडावयाचे. खोली, उतार, निचरा ह्याच गोष्टी येथेही पाहतात. मग भेद कोणता? भेद प्रश्नाचा आहे. जुन्या प्रतबंदीचा प्रश्न, ह्या जमिनीपासून सरकारास काय घेता येईल, हा होता. नव्या विद्येचा प्रश्न, ह्या जमिनीस काय सोसेल, हा आहे. हा भेद ज्याच्या ध्यानात आला त्यास ह्या विषयाचे अर्धे मर्म समजले असे आम्ही म्हणू.

आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. सातबाऱ्यावर आकार लिहिलेला असतो. तो ज्या मातीच्या खोलीवरून ठरला ती माती मात्र जागेवर राहिलेली नाही. भारतातील शेतजमीन, रान व पडीक ह्या सर्वांचा मिळून हिशेब शास्त्रज्ञांनी 1983 साली मांडला. तेव्हा दर हेक्टरी वर्षास सरासरी सुमारे 16 टन माती जागेवरून हलते असा अंदाज निघाला. तीपैकी जवळजवळ तीन दशांश कायमची समुद्रास मिळते व एक दशांश धरणांच्या पोटात बसते. एक मिलिमीटर जाडीचा मातीचा थर एका हेक्टरावर पसरला तर त्याचे वजन सुमारे 13 टन भरते. म्हणजे वर्षास सव्वा मिलिमीटर, आठ वर्षांत एक सेंटिमीटर. डोळ्यांस न दिसणारी ही चोरी आहे, व हिची फिर्याद कोणत्याही चावडीवर नोंदली जात नाही.

विद्यापीठात काय शिकवितात

पुणे येथील शेतकी कॉलेज 1907 सालचे. त्यानंतर महाराष्ट्रात राहुरी (1968), अकोला (1969), परभणी व दापोली (दोन्ही 1972) अशी चार कृषी विद्यापीठे झाली. त्यांच्या पदवीच्या शिक्षणात मृद्‌शास्त्र, हवामानशास्त्र, जलसंधारण, कोरडवाहू शेती, वनशेती हे विषय अंगभूत असतात. पुढे पदव्युत्तर शिक्षणात त्यांपैकी एकेक स्वतंत्रपणे घेता येतो. कृषी अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यास बांध, नाला, पाझर तलाव यांचे मोजमाप व आराखडा शिकावा लागतो. दापोलीस वनशास्त्राचे स्वतंत्र कॉलेज आहे. महाराष्ट्राबाहेर पाहावयाचे तर डेहराडून येथे 1878 पासून वनविद्येचे शिक्षण चालू आहे, व भोपाळ येथे 1982 साली वनव्यवस्थापनाची राष्ट्रीय संस्था निघाली. मुंबईच्या आय.आय.टी.त 1985 पासून ग्रामीण भागाच्या तंत्रज्ञानाचे वेगळे केंद्र आहे.

ह्या सर्व विषयांस एकत्र गुंफणारा दोरा पाणलोट हा होय. माथ्यावर पडलेला थेंब ज्या उतारांनी खाली येऊन एका नाल्यास मिळतो ते सर्व क्षेत्र एक पाणलोट. त्यात गट नंबरांच्या हद्दी नाहीत, भाऊबंदकीची वाटणी नाही, गावाची शीवही नाही. विद्यार्थ्यास प्रथम हा पाणलोट नकाशावर आखावयास शिकवितात. मग त्यातील माती, खडक, उतार, झाडी, गुरे, माणसे व पिके यांची मोजदाद करावयास लावतात. पूर्वी हे काम साखळी व फलकयंत्र घेऊन होई. 1988 साली आय.आर.एस.-1ए हा भारताचा उपग्रह आकाशात गेल्यापासून वरून काढलेली चित्रे हाताशी आली, व आता संगणकावर एकावर एक नकाशे ठेवून कोणत्या उतारावर समतल चर घ्यावेत व कोठे बंधारा बसेल, हे पाहता येते. माथ्यापासून पायथ्याकडे काम करीत यावे, हा ह्या विद्येचा पहिला धडा आहे. खाली मोठा बंधारा बांधून माथा उघडा ठेवणे म्हणजे छप्पर गळत असता घरात घागरी मांडणे होय. त्या घागरी गाळाने भरतात.

पाण्याचा ताळेबंद

आम्हांस ह्या शास्त्राचा जो भाग सर्वांत जवळचा वाटला, तो पाण्याच्या जमाखर्चाचा. महाराष्ट्राचा सुमारे चार पंचमांश भाग काळ्या कातळाचा आहे. ह्या कातळात पाणी राहते ते भेगांत व कुजलेल्या मुरमाच्या थरात. शंभर घनमीटर खडकातून विहिरीस उपसता येईल असे पाणी साधारणपणे एक ते तीन घनमीटरच निघते. आता एक हेक्टर पिकास पाच सेंटिमीटरांची एक पाळी द्यावयाची तर 500 घनमीटर पाणी लागते. खडकातून दोन घनमीटर निघतात असे धरले, तरी एवढ्या एका पाळीसाठी अडीच हेक्टरांखालील पाण्याची पातळी एक मीटरने उतरते. म्हणजे जो एक हेक्टर भिजवितो तो शेजाऱ्याच्या खालचेही पाणी ओढतो. मग शेजारी आपला भाऊ असो वा वैरी असो.

हाच हिशेब गावास लावून पाहू. वाचकांनी हे आकडे केवळ उदाहरणादाखल समजावेत. गावाचे क्षेत्र 500 हेक्टर, म्हणजे सुमारे 1235 एकर. पाऊस 500 मिलिमीटर. एकंदर 25 लाख घनमीटर पाणी आकाशातून पडले. त्याचा दहावा हिस्सा जमिनीत मुरून विहिरींस मिळतो असे धरले तर गावाची जमा अडीच लाख घनमीटर. वस्ती 2000 व दर माणशी दररोज 55 लिटर धरले तर वर्षास सुमारे 40 हजार घनमीटर पिण्यावापरण्यास जातात; 500 गुरांस सुमारे 9 हजार. हा खर्च पहिला, त्यात काटछाट नाही. म्हणजे शेतीसाठी शिल्लक सुमारे 2 लाख घनमीटर. एवढ्यात रब्बी ज्वारीस दोन पाळ्या दिल्या तर 200 हेक्टर ज्वारी निघते. गव्हास पाच पाळ्या दिल्या तर 80 हेक्टर गहू. आणि वर्षभराच्या उसास विहिरीचे दीड मीटर पाणी लागले तर ऊस अवघा 13 हेक्टर. हा ऊस दोनचार घरांचा असेल, परंतु त्याने उपसलेले पाणी सर्व गावाचे असते.

उसाविरुद्ध आमचे म्हणणे नाही. कालव्याच्या मुलखात त्याचा हिशेब वेगळा. परंतु ज्या गावाने आपली जमा कधी काढली नाही, तेथे खर्च कोण करतो हे ज्याचे बोअर खोल त्याच्यावर ठरते. जमीन ज्याची, तिच्याखालचे पाणीही त्याचे, ही समजूत 1882 च्या सुविधाधिकार कायद्याइतकी जुनी आहे. महाराष्ट्राने भूजलाचा नवा कायदा 2009 सालचा म्हणून केला आणि खोल विहिरींवर निर्बंध घातले. परंतु गावास आपलाच हिशेब ठाऊक नसेल तर कायद्याचा कागद विहिरीत पाणी आणू शकत नाही. सातबाऱ्यावर विहिरीची नोंद घेण्यास जागा आहे. तिच्यात पाणी किती, ही नोंद घेण्यास जागा नाही. 2018 साली सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पासाठी गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडण्याची रीत उपरोक्त आय.आय.टी.च्या साहाय्याने बसविण्यात आली, ही गोष्ट म्हणूनच आम्हांस महत्त्वाची वाटते. विद्यापीठातील गणित चावडीवर येण्याचा हा मार्ग आहे.

विद्येस नियमाची जोड

परंतु गणित मांडणे व ते पाळणे ह्या दोन गोष्टी आहेत. 1972 च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे ह्या अभियंत्यांनी पुरंदर तालुक्यात नायगाव येथे पाणी पंचायतीचा प्रयोग उभारला. त्याचे नियम थोडे पण कडक होते. पाणी जमिनीच्या प्रमाणात द्यावयाचे नाही, माणसांच्या प्रमाणात द्यावयाचे. माणशी अर्धा एकर, कुटुंबास फार तर अडीच एकर. ऊस लावावयाचा नाही. भूमिहीनासही पाण्याचा वाटा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जावयाचा नाही. जमीनधारक वाचकांस ह्यांतील एखादा नियम कडू लागेल; तरी पाणी कमी व तोंडे अधिक असतील तेथे दुसरा कोणता नियम टिकेल, ह्याचा विचार त्यांनीच करावा.

नगर तालुक्यातील हिवरे बाजार येथे 1990 नंतर पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने जे घडले ते सर्वश्रुत आहे. तेथे पावसाळा संपल्यावर पाऊस व विहिरींची पातळी पाहून रब्बीस किती पाणी उरते ह्याचा हिशेब ग्रामसभेत होतो, आणि शेतीसाठी बोअर घेण्यास गावाने स्वतःच मनाई केली आहे. खानदेश व नाशिककडील पांझरा, मोसम ह्या नद्यांवरील फड पद्धती तर कित्येक शतकांची. बंधाऱ्याखालील क्षेत्राचे फड पाडून एका फडात एकच पीक घ्यावयाचे, फड फिरते ठेवावयाचे, आणि पाणी देण्याचे काम मालकाने न करता गावाने नेमलेल्या पाटकऱ्याने करावयाचे. अमेरिकेतील एलिनॉर ऑस्ट्रॉम ह्या विदुषींनी जगातील अशा पाटबंधाऱ्यांचा, कुरणांचा व वनांचा अभ्यास करून 1990 साली ग्रंथ लिहिला, आणि सामाईक संपत्ती लोक स्वतःच्या नियमांनी राखू शकतात हे दाखविले. 2009 साली त्यांस अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. विद्यापीठात आज हा विषय त्यांच्या नावाने शिकवितात. त्यातील पुष्कळसे आपल्या पाटकऱ्यास ठाऊक होते. मात्र ते लिहून ठेवण्याचे काम त्याने केले नाही.

गायरानाची गोष्ट अशीच. आमच्या दप्तरात गायरान म्हणून नोंदलेली जमीन प्रत्यक्षात पेरलेली अथवा बांधलेली असल्याचे प्रकार आम्ही किती पाहिले, याची गणती नाही. 2011 साली सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामाईक जमिनीवरील अतिक्रमणे दूर करण्याविषयी सर्व राज्यांस स्पष्ट आदेश दिला. तरीही गायरान राखले जाते ते आदेशाने नव्हे, तर तेथील गवत कोणास, केव्हा व किती, हे गावाने ठरविले असेल तेथेच.

एका गावाचा दाखला

विद्यापीठाने गावात यावे ही कल्पनाही नवी नाही. पुणे शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल डॉ. हॅरल्ड मॅन यांनी आपल्या सहकाऱ्यांसह पिंपळे सौदागर ह्या गावाची घरोघर व शेतोशेत पाहणी करून 1917 साली ती प्रसिद्ध केली. 1771 साली तेथे दर खातेदारामागे सरासरी 40 एकर जमीन होती. 1915 च्या सुमारास ती 7 एकरांवर आली. 156 खातेदारांच्या जमिनीचे सातशेवर तुकडे झाले होते. त्यांतील 463 एक एकराहून लहान व 112 पाव एकराहूनही लहान होते. आज ते गाव पिंपरी-चिंचवड शहरात गेले असून शेतांच्या जागी उंच इमारती आहेत. मॅनसाहेबांनी तुकड्यांचा हिशेब लिहून ठेवला म्हणून आपण काय गमावले ते सांगता तरी येते. ज्या गावांचा हिशेब कोणी लिहिला नाही ती गावे मुकाट्याने जात आहेत.

नोकरीचा प्रश्न

आता वडीलधाऱ्या मंडळींचा खरा प्रश्न: हे शिकून पोट भरेल काय? उत्तर खरे ते द्यावे. मृद व जलसंधारण खाते, वन खाते, भूजल सर्वेक्षण यंत्रणा, कृषी खाते, बँका, पाणलोटाचे काम करणाऱ्या संस्था व अध्यापन एवढी क्षेत्रे आहेत. परंतु जागा थोड्या व उमेदवार फार. त्यामुळे पुष्कळसे पदवीधर लोकसेवा आयोगाच्या परीक्षेस बसतात व कोणत्याही खात्यात जातात. आमच्या नोकरीच्या अखेरच्या वर्षांत शेतकीचा एक पदवीधर तलाठी होऊन आला. माती हातात घेऊन तिचा पोत सांगणारा तो तरुण दिवसभर वारसांच्या नोंदी व दाखले लिहीत असे. पैसेवारीच्या वेळी तेवढी त्याची विद्या थोडी उपयोगी पडे. त्याचा दोष नव्हता; त्याच्या ज्ञानास आमच्या कोणत्याच नमुन्यात रकाना नव्हता.

म्हणून केवळ नोकरीच्या आशेने मुलास ह्या शिक्षणास घालू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. परंतु ज्याच्या घरी जमीन आहे त्याच्यासाठी हिशेब निराळा पडतो. आठ एकरांचा धनी जर आपल्या पाणलोटाचा नकाशा वाचू शकेल, आपल्या विहिरीत उन्हाळ्यापर्यंत किती पाणी टिकेल हे ऑक्टोबरातच सांगू शकेल व ग्रामसभेत आकड्यांनिशी बोलू शकेल, तर त्याची विद्या नोकरीवाचूनही वाया जात नाही. बोअरमागून बोअर कोरडे जाऊन होणारे कर्ज ज्याने पाहिले आहे त्यास हे अधिक सांगावयास नको.

मुलींविषयी वेगळे दोन शब्द. महाराष्ट्रात 1994 च्या दुरुस्तीने व पुढे 2005 च्या केंद्रीय कायद्याने मुलगी वडिलोपार्जित जमिनीत मुलाच्या बरोबरीची हिस्सेदार झाली. जिचे नाव सातबाऱ्यावर यावयाचे तिला जमिनीची विद्या नको, असे म्हणणे कोणत्या न्यायाने बसते?

गावाने काय करावे

प्रवेश घेण्यापूर्वी पालकांनी कॉलेज स्वतः पाहून यावे. इमारत पाहू नये, शेत पाहावे. कॉलेजाजवळ स्वतःची किती जमीन आहे, मातीपरीक्षणाची प्रयोगशाळा चालू स्थितीत आहे की कुलूपबंद, विद्यार्थी वर्षातून किती दिवस शिवारात जातात, व मागील तुकडीची मुले आज कोठे आहेत, हे चार प्रश्न विचारावेत. उत्तरे टाळली गेली तर तेच उत्तर समजावे.

दुसरे असे की, कृषी पदवीच्या अखेरच्या वर्षी विद्यार्थी ग्रामीण कार्यानुभवासाठी गावोगाव येतात. त्यांस कृषिदूत व कृषिकन्या म्हणतात. पुष्कळ गावांत त्यांचे स्वागत होते, चहा होतो, रांगोळीने गावाचा नकाशा काढला जातो, छायाचित्र निघते, व ती मुले गेली की रांगोळीही पुसली जाते. ह्या मुलांस खरे काम द्यावे. गावातील सर्व विहिरी व बोअरे यांची यादी करवून घ्यावी, प्रत्येकीची खोली व पातळी मोजवून घ्यावी. भूजल यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी जानेवारी, मार्च, मे व ऑक्टोबर ह्या महिन्यांत मोजते. गावानेही त्याच महिन्यांत पाचदहा विहिरी मोजण्याचा परिपाठ ठेवावा. दोरी, वजन व वही एवढेच साहित्य लागते. जुने बांध, फुटलेले ताली-बंधारे व गाळाने भरलेली तळी नकाशावर आणावीत. मुले परत गेली तरी ती वही ग्रामपंचायतीत राहावी, व दरवर्षी त्याच पानांपुढे नवीन पाने लागावीत.

सरकारी दप्तराने जमीन कोणाची, हे दोनशे वर्षे काळजीपूर्वक लिहून ठेवले; जमिनीचे काय झाले, हे लिहावयाचे राहून गेले. ते लिहिणे कोणत्याही कचेरीचे एकटीचे काम नव्हे. ज्याचे नाव खात्यावर आहे त्यानेच ते हाती घ्यावे, आणि येत्या ऑक्टोबरात आपल्या विहिरीची पातळी मोजून पहिली ओळ स्वतःच्या हाताने लिहावी, एवढीच आमची वाचकांस नम्र विनंती आहे.